पाकट आणि शेकरू : न भेटलेली जोडी



आपल्या या सदरात आपण दर वेळी दोन प्राणी शेजारी शेजारी बसवतो आणि त्यांची तुलना करतो. बहुतेक वेळा ते दोघं एकाच गावातले असतात. आजची जोडी मात्र अशी आहे, की या दोघांची जन्मात कधी गाठ पडलेली नाही आणि पडणारही नाही. आधी कोडं घालते, ओळखा पाहू!

पहिला कोण? डोळे पाठीवर, तोंड पोटाकडे. अंग थाळीसारखं चपटं, शेपूट चाबकासारखी. पंख पसरून उडतोय असं वाटतं, पण हवेत नाही, पाण्यात. आणि अंगात औषधालासुद्धा एक हाड नाही!

दुसरं कोण? घर झाडाच्या शेंड्यावर, तेही एक नाही, चांगली तीन-चार. जमिनीवर उतरायचं म्हटलं की जिवावर येतं. शेपटी झुपकेदार आणि जवळजवळ अंगाएवढीच लांब. जेवताना उलटं लटकतं. आणि त्याचं छोटं भावंड तुमच्या अंगणातल्या भिंतीवर रोज चिरचिरत पळतं.

दुसरं तर आंबेगाव-जुन्नरच्या मुलांनी लगेच ओळखलं असणार. शेकरू! पहिला आहे पाकट, कोकणच्या समुद्रातला मासा.

वर्गात अशी जोडी सांगितली की एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई, दोघांची मारामारी झाली तर कोण जिंकेल?" आता तुम्हीच सांगा, ही मारामारी कुठं भरवायची? झाडावर भरवली तर पाकट श्वासावाचून मरेल. समुद्रात भरवली तर शेकरू बुडेल. म्हणजे निकाल प्राण्यांवर नाही, जागेवर ठरणार. म्हणून आपला नियम लक्षात ठेवा. एकच प्रश्न दोघांना विचारायचा आणि दोघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहायची. 'भारी कोण' हे विचारायचं नाही.

राहतात कुठं?

आधी आपल्या घरच्यापासून सुरुवात करू. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यापर्यंत गेलात, की भीमाशंकरचं जंगल लागतं. १९८५ साली हे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे १३१ चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यातले आंबेगाव आणि खेड हे तालुके आणि कड्याखालचा ठाणे-रायगडचा उतार, असा त्याचा पसारा आहे. शेकरू हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि भीमाशंकर हे त्याचं सगळ्यांत नावाजलेलं घर. आहुप्यासारख्या गावांजवळच्या देवरायांमध्ये जुनी, उंच झाडं अजून उभी आहेत. शेकरूला हवी असतात ती अशीच झाडं.

शेकरू म्हणजे मोठी खार. पण किती मोठी? तुमच्या अंगणातली पट्ट्यांची खार साधारण १०० ग्रॅम भरते. शेकरू भरतं दीड ते दोन किलो. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात एक शेकरू बसवलं, तर दुसऱ्या पारड्यात १५ ते २० खारी बसवाव्या लागतील. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ते मीटरभर लांब असू शकतं. पाठ तांबूस-तपकिरी, पोट मळकट पांढरं.

आता पाकट. जुन्नरहून समुद्र दिसत नाही, हे खरं. पण समुद्र आपल्याला अगदी परकाही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. आजही बाजारात सुकट-बोंबलाची दुकानं मांडली जातात, तो सगळा कोकणचाच माल. त्याच कोकणच्या समुद्रात, किनाऱ्याजवळच्या वाळूत आणि चिखलात पाकट राहतो. खाडीतही शिरतो. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या मासळीबाजारात तो पाहायला मिळतो.

'पाकट' हे एकाच माशाचं नाव नाही बरं का! शेपटीवर काटा असलेल्या अनेक जातींना आपल्याकडे पाकट म्हणतात. काही जाती जेवणाच्या ताटाएवढ्या, तर काही सतरंजीएवढ्या. जगभर पाकट आणि त्याचे चपटे भाऊबंद मिळून ६०० हून अधिक जाती आहेत. त्यांतला सगळ्यांत मोठा म्हणजे मँटा. त्याच्या पंखांची रुंदी ७ मीटरपर्यंत भरते. तुमच्या वर्गाची एक भिंत मोजून बघा, मग कळेल. एवढा मोठा असून तो खातो काय, तर पाण्यात तरंगणारे बारीक बारीक जीव. आणि त्याला डंख मारणारा काटासुद्धा नसतो.

हाडं आहेत का?

शेकरूच्या अंगात तुमच्या-आमच्यासारखीच हाडं आहेत. पाकटाच्या अंगात एकही नाही. मग तो लोळागोळा का होत नाही?

जरा आपल्या कानाच्या वरच्या कडेला हात लावा. दुमडा. सोडा. लगेच जागेवर आला ना? आता नाकाचा शेंडा दाबा. तिथंही तसंच. हाडासारखं कडक नाही, मांसासारखं मऊ नाही, असं जे काही लागतं, त्याला कूर्चा म्हणतात. पाकटाचा सगळा सांगाडा या कूर्चेचा बनलेला असतो. शार्क म्हणजे मुशी, तिचाही तसाच. म्हणून पाकट आणि मुशी हे जवळचे नातेवाईक. रोहू, कटला, बोंबील, पापलेट ही हाडांच्या माशांची भावकी निराळी.

पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे. पाकटालाही पाठीचा कणा आहे, शेकरूलाही आहे. कणा कूर्चेचा असो की हाडाचा, मेंदूकडून निघालेली मुख्य दोरी दोघांच्याही कण्यातूनच जाते. तुमच्याही. म्हणजे खूप खूप मागं गेलं, तर पाकट, शेकरू आणि इयत्ता पाचवी 'अ' यांचा पणजोबा एकच निघतो!

चालतात कसे?

पाकटाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना जे पंख दिसतात, ते खरं म्हणजे त्याचे पर आहेत. पसरून पसरून ते डोक्यालाच चिकटलेत. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावरून वारा गेला की कशी लाट पळते, तशी लाट परांच्या कडेवरून पळवत तो पुढं सरकतो. थकला, किंवा लपायचं असलं, की तळाशी बसतो आणि पर फडफडवून अंगावर वाळू ओढून घेतो. फक्त डोळे बाहेर.

आता इथं एक अडचण आहे. तोंड खाली वाळूत. कल्ल्यांच्या फटी पण खालच्या अंगाला. मग श्वास कुठून घ्यायचा? म्हणून डोळ्यांच्या मागं त्याला दोन भोकं असतात. तिथून स्वच्छ पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांवरून फिरवायचं आणि खालच्या फटींतून बाहेर सोडायचं. काम फत्ते!

शेकरूची वाट झाडांच्या शेंड्यांवरून जाते. एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर उडी. ही उडी सुमारे २० फुटांपर्यंत जाते. जमिनीवर उतरणं ते टाळतं, कारण खाली कुत्री आहेत, बिबट्या आहे. म्हणजे शेकरूचा रस्ता तोवरच आहे, जोवर एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाच्या फांदीजवळ पोचते. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शेपटीचं काम काय?

शेकरूची शेपटी म्हणजे तोल सांभाळायचं वजन. डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालताना हातात काठी धरते ना, तसंच. फळ खाताना शेकरू मागच्या पायांनी फांदी पकडतं आणि फांदीच्या एका बाजूला डोकं खाली करून लटकतं. पुढचे दोन्ही पंजे फळ धरायला मोकळे. मग ते पडत कसं नाही? कारण फांदीच्या दुसऱ्या बाजूला शेपटी लोंबत असते. एका बाजूला अंग, दुसऱ्या बाजूला शेपटी, झाला तराजू!

पाकटाची शेपटी म्हणजे हत्यार. तिच्यावर करवतीसारखे दाते असलेला काटा असतो आणि काट्यात विष असतं. पण पाकट कुणाच्या मागं लागून डंख मारत नाही. वाळूत लपलेला असताना अंगावर पाय पडला, किंवा कुणी कोंडीत पकडलं, की मगच शेपटी उसळते. बहुतेक वेळा वेदना फार होतात, जीव जात नाही. तरीही धोका खोटा नाही. ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह आयर्विन यांचा २००६ साली मृत्यू झाला, तो याच कुळातल्या एका मोठ्या माशाचा काटा छातीत घुसल्यामुळं.

सहलीला कोकणात गेलात आणि गुडघाभर पाण्यात उतरलात, तर पाय उचलून आपटत चालू नका. वाळूवर पाय घासत, फरफटत चाला. पाकटाला चाहूल लागते आणि तो आपणहून निघून जातो. कुणाला काटा लागलाच, तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. आत रुतलेला काटा घरी ओढून काढायचा नाही.

एक लांबचा पाहुणा

शेपटीचा विषय निघालाच आहे, तर तिसऱ्या एका प्राण्याला आत घेऊ. नकाशा उघडा. आफ्रिकेच्या उजव्या हाताला समुद्रात एक मोठं बेट आहे, मादागास्कर. तिथल्या जंगलांत मूळच्या खारी नाहीतच. खार नाही, शेकरू नाही. मग झाडांवर फळं आणि किडे खात हिंडतं कोण? लेमूर! हे माकडांचे लांबचे नातेवाईक. जंगलात ते फक्त मादागास्करला आणि शेजारच्या छोट्या बेटांवर सापडतात.

त्यांतल्या एका छोट्या जातीचं नाव आहे जाडशेपट्या लेमूर. पावसाळ्यात खाणं भरपूर असतं, तेव्हा तो खाऊन खाऊन शेपटीत चरबी साठवतो. मग कोरडा हंगाम आला, की झाडाच्या ढोलीत शिरून झोपतो. किती दिवस? सात महिन्यांपर्यंत! शेपटीतली चरबी हाच त्याचा शिधा. बघा, शेपटी एकच, पण शेकरूला ती तोल, पाकटाला हत्यार आणि लेमूरला धान्याची कणगी.

लेमूरच्याच घराण्यात आयआय नावाचा एक प्राणी आहे. त्याचे पुढचे दात खारीसारखे सतत वाढतात. ते दात पाहून अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांनी त्याला चक्क खारींच्या यादीत घातलं होतं. नुसत्या एका गोष्टीवरून तुलना केली की अशी गफलत होते. म्हणून आपण प्रश्न एक नाही, अनेक विचारतो.

आणखी एक गंमत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि मादागास्कर एकमेकांना जोडलेले होते. मग दोघं तुटले आणि भारत हळूहळू उत्तरेकडं सरकू लागला. शिवनेरीचा आणि नाणेघाटाचा काळा कातळ हा त्यानंतरचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. म्हणजे आपली ही शेजारची गल्ली दूर गेली, तेव्हा शिवनेरीचा डोंगरच नव्हता! लेमूरचे पूर्वज तिथं पोचले ते त्याहून उशिरा, बहुधा समुद्रात वाहत गेलेल्या झाडाझुडपांवर बसून.

पाहुण्याला निरोप देऊ आणि पुन्हा आपल्या जोडीकडं येऊ.

दात कसे आहेत?

शेकरूच्या तोंडात पुढं चार धारदार दात असतात, वर दोन, खाली दोन. ते जन्मभर वाढतात. म्हणून शेकरूला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. फळं, बिया, फुलं, कोवळी पानं आणि झाडाची साल हे त्याचं खाणं. कुरतडलं नाही, तर दात वाढून तोंडच मिटता येणार नाही.

पाकट खातो खेकडे, कोळंबी, शिंपल्यांतले जीव आणि बारीक मासे. शिंपला म्हणजे टणक. म्हणून कित्येक पाकटांचे दात टोकदार नसतात, फरशीसारखे चपटे आणि ओळींनी बसवलेले असतात. शिंपला मध्ये आला की जात्यात भरडल्यासारखा भरडला जातो. पुढची ओळ झिजली की गळून पडते आणि मागची ओळ पुढं सरकते. दात झिजणार, ही अडचण दोघांचीही. शेकरूनं तोच दात वाढवत ठेवला, पाकटानं नवा दात बसवला. उत्तरं दोन!

आणि खाणं सापडतं कसं? शेकरूला डोळे आणि नाक पुरतं. पाकटाचे डोळे पाठीवर, खाणं पोटाखाली. तोंडासमोरचा घास त्याला दिसतच नाही! पण त्याच्याकडं एक वेगळीच शक्ती आहे. तुमच्या आजोबांचा दवाखान्यात ईसीजी काढलेला पाहिलाय? छातीला तारा लावतात आणि कागदावर रेघा उमटतात. हृदय चालतं तेव्हा थोडी वीज तयार होते, ती त्या तारा टिपतात. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या अंगात अशी अगदी सूक्ष्म वीज खेळत असते. पाकटाच्या तोंडाभोवती बारीक बारीक छिद्रं असतात, ती ही वीज टिपतात. वाळूत दडून बसलेला खेकडा गप्प राहील, हलणारही नाही, पण त्याचं अंग काही बंद पडत नाही. पाकट त्याला बरोबर हुडकतो.

पिल्लं किती?

आता येतो आजचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न.

शेकरूची मादी झाडाच्या उंच, बारीक फांद्यांवर काटक्या आणि पानं रचून गोल घरटं करते. बारीक फांदीवरच का? कारण जड शत्रूचं वजन तिथं पेलत नाही. एका शेकरूची अशी अनेक घरटी असतात. एक झोपायला, एक पिल्लांसाठी, एखादं अडीअडचणीला. तेव्हा जंगलात १२ घरटी मोजली म्हणून १२ शेकरू आहेत, असं वहीत लिहू नका! पिल्लं मात्र एका वेळी एक किंवा दोन, कधी तीन. ती आईच्या दुधावर वाढतात.

आणि पाकट? तुम्ही म्हणाल, मासा आहे, अंडी घालत असेल, हजारांनी. चुकलात! पाकटाची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. आणि याहून मोठं आश्चर्य पुढंच आहे. पोटात असलेल्या पिल्लांना आपला अंड्यातला बलक पुरेनासा झाला, की आईच्या गर्भाशयाच्या आतल्या बाजूनं दुधासारखा स्निग्ध रस पाझरू लागतो. पिल्लं तो रस पिऊन वाढतात. शेकरूची आई जन्मल्यावर दूध पाजते, पाकटाची आई जन्माआधीच! समुद्रातला मासा आणि झाडावरची खार, पण आईपण बघा किती जवळचं.

पाकटाच्या पुष्कळ जातींत पिल्लं मोजकीच होतात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मोठ्या मँटाला तर एका वेळी बहुधा एकच पिल्लू. तेही सुमारे वर्षभर पोटात वाढवून. आणि दोन बाळंतपणांत एक-दोन वर्षांचं, कधी त्याहून जास्त अंतर.

आता थोडं गणित करू. डिंभे धरणात किंवा माणिकडोहात जो रोहू मिळतो, त्याची दोन-तीन किलोची मादी एका हंगामात लाखांनी अंडी घालते. आपण सोपं करून २ लाख धरू. समजा, आपल्या पाकटाच्या मादीला वर्षाला २ पिल्लं होतात. तर रोहूच्या एका हंगामाची बरोबरी करायला तिला किती वर्षं लागतील? २ लाख भागिले २. उत्तर, १ लाख वर्षं!

मग पाकट मागं पडला का? तसं नाही. रोहूची अंडी आणि बारीक पिल्लं बहुतेक सगळी दुसऱ्यांच्या पोटात जातात. लाखातून मोजकी मोठी होतात. पाकटाचं पिल्लू जन्मतःच आईसारखं दिसतं, पोहतं, काटासुद्धा घेऊन येतं. त्याच्या जगण्याची शक्यता किती तरी जास्त. 'खूप घाला, देवावर सोडा' हा रोहूचा मार्ग. 'थोडी घाला, नीट वाढवा' हा पाकटाचा आणि शेकरूचाही. दोन्ही मार्ग कोट्यवधी वर्षं चाललेत.

पण दुसऱ्या मार्गात एक अट आहे. आई जगली पाहिजे. रोहूच्या दहा माद्या गेल्या, तर उरलेल्या एक-दोन पुन्हा तलाव भरू शकतात. पाकटाच्या किंवा शेकरूच्या दहा माद्या गेल्या, तर ती जागा भरून यायला वर्षांमागून वर्षं जातात.

मग संकट कुठं आहे?

दोघांची अट एकच, पण दोघांवरची संकटं वेगळी आहेत.

पाकटावरचं संकट आहे जाळं. ट्रॉलर समुद्राच्या तळावरून मोठं जाळं ओढत नेतात. हवी असते कोळंबी, पण पाकट तळाशीच राहणारा, तोही आत येतो. पुरती वाढ न झालेली पिल्लंही येतात आणि पोटात पिल्लं असलेली मादीही. २०२१ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी मुशी, पाकट आणि त्यांच्या नातेवाइकांच्या सगळ्या जातींचा हिशोब मांडला. एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत, असं दिसलं. आणि मुख्य कारण निघालं, वाजवीपेक्षा जास्त मासेमारी.

शेकरूवर जाळं पडत नाही. त्याची शिकार कायद्यानं गुन्हा आहे. त्याचं संकट आहे तुटलेली वाट. मघाचं वाक्य आठवतंय? शेंड्यांच्या रांगेतलं एक मोठं झाड पडलं, की रस्त्यावरचा पूलच पडल्यासारखं होतं. २० फुटांची उडी मारणाऱ्याला ४० फुटांची फट म्हणजे दरीच. मग एक तर अलीकडंच अडकायचं, नाहीतर जिवावर उदार होऊन जमिनीवर उतरायचं. उन्हाळ्यात लागणारे वणवे आणि रुंद होणारे रस्ते हीच फट वाढवतात.

यावर आमच्या चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, शेकरू आपलं आहे. पण पाकटाशी आपला काय संबंध? समुद्र तर घाटाखाली!"

प्रश्न रोखठोक होता, आणि मला आवडला. उत्तर पावसाळ्यात डोक्यावरून जातं. जूनमध्ये पश्चिमेकडून जे काळे ढग येतात, ते पाणी घेतात अरबी समुद्रावरून, म्हणजे पाकटाच्याच घरावरून. ते सह्याद्रीला अडतात आणि शेकरूच्या झाडांवर कोसळतात. म्हणून भीमाशंकरचं जंगल हिरवंगार. मग त्या पाण्याच्या दोन वाटा होतात. कड्याच्या अलीकडचं पाणी घोड, मीना, कुकडी या नद्यांमधून भीमेला आणि पुढं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं. कड्याच्या पलीकडं पडलेलं पाणी कोकणातल्या नद्यांनी खाडीत आणि तिथून परत अरबी समुद्रात. आपण कड्यावर सहलीला जाऊन खाली भिरकावलेली वेफर्सची पिशवीसुद्धा याच वाटेनं जाते. जंगल उभं असलं तर माती धरून ठेवतं आणि पाणी स्वच्छ खाली उतरतं. झाडं गेली की गाळ खाडीत जातो, आणि खाडी हे तर कित्येक माशांच्या पिल्लांचं पाळणाघर.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे शेकरूचं झाड तोडलं तर पाकटाचं पाणी गढूळ होतं." मी फळ्यावर तेच वाक्य लिहिलं.

तुमच्या घरचे हिरडा गोळा करायला जात असतील. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या गावांना हिरड्याचे चार पैसे मिळतात, ते झाड उभं असतं म्हणून. फांदी न तोडता हिरडा काढणारा माणूस शेकरूची वाटही राखतो, हे घरी जरूर सांगा. आणि कोकणात तुमचे कुणी मामा-काका मासेमारी करत असतील, तर त्यांना विचारा, जाळ्यात जिवंत पिल्लू आलं तर ते काय करतात? काही जण परत पाण्यात सोडतात. का सोडतात, तेही विचारा. म्हातारे कोळी पुस्तकांत नसलेलं पुष्कळ सांगतात.

करून पाहा

१. एक पट्टी बोटावर आडवी तोलून धरा. आता एका टोकाला खोडरबर ठेवा. पट्टी पडते ना? दुसऱ्या टोकाला काय आणि किती ठेवलं की ती पुन्हा तोलते, ते शोधा. शेकरूची शेपटी कळेल.

२. शाळेच्या किंवा घराच्या वाटेवरची ओळीनं १० झाडं बघा. शेकरूच्या डोळ्यांनी! पहिल्या झाडावरून दहाव्यापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता येईल का? फट कुठं आहे? ती किती पावलांची आहे? वहीत साधा नकाशा काढा. फटीच्या जागी कोणतं झाड लावता येईल, ते मोठ्या माणसांना विचारून लिहा.

३. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडं 'पाकट', उजवीकडं 'शेकरू'. सांगाडा, चाल, शेपटी, दात, पिल्लं, संकट, असे सहा प्रश्न आणि बारा उत्तरं. पुस्तक न बघता लिहायची हं!

जाता जाता कोडं

पाकटाच्या पाठीचा रंग वाळूसारखा आणि पोट पांढरं असतं. वरून बघणाऱ्याला तो तळाच्या रंगात मिसळतो. मग खालून बघणाऱ्याला पांढऱ्या पोटाचा घोळ का होत असेल? भर दुपारी विहिरीच्या पायऱ्या उतरून वर आभाळाकडं बघा, उत्तर सुचेल. पण एकट्यानं नाही, मोठं माणूस बरोबर हवं!

पुढच्या आठवड्यात दोन रात्रपाळीवाले भेटतील. एक आपल्या उसात मुक्कामाला असतो, दुसरं मंदिराच्या ढोलीत. एकाच्या पावलांचा आवाज होत नाही, दुसऱ्याच्या पंखांचा. तोवर ओळखून ठेवा.

तुमच्या बाई